श्रीखंडाच्या झाकणातून निघालेला मासा

(मंडळाच्या निधिसंकलन स्नेहभोजनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बासुंदीनंतर भाषण ठेवायचे, असे कार्यकारिणीने कोणत्या विचाराने ठरवले ते आम्हाला ठाऊक नाही. पण ज्यांचे डोळे आत्ताच जड झाले आहेत त्यांना सांगतो, झोपा बिनधास्त. लिलाव सुरू झाला की आम्ही उठवू.

उजवीकडच्या टेबलावर लाकडाचे मासे मांडलेले आहेत. बरेच जण हाताळून आलात, एक-दोघांनी हुक कुठे आहेत असेही विचारले. हुक आम्ही काढून वेगळ्या डब्यांत ठेवले आहेत, कारण मंडळाच्या कार्यक्रमात किती मुले टेबलाखालून पळत असतात ते आपण जाणता. हे मासे म्हणजे 'ल्युअर', मासे पकडायचे बनावट आमिष. आम्ही चौघे आणि आमचे अण्णा, असे पाच जण ते गॅरेजमध्ये बनवतो. त्यांचे जे पैसे येतील ते, तुम्हाला माहीतच आहे, रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरासाठी जाणार आहेत.

मागच्या वर्षी लिलाव संपल्यावर जेवणाच्या रांगेत एका देणगीदारांनी आम्हाला गाठले. मनाने सरळ माणूस, म्हणून तोंडावर बोलले. "अहो, तुमचे पहिले मासे हाताने रंगवलेले होते. आता म्हणे तुम्ही छाप वापरता! मग दुकानातल्यात आणि यात फरक काय राहिला? आम्ही जास्त पैसे कशाचे द्यायचे?" आमच्या एका हातात ताट होते, दुसऱ्यात ताक. उत्तर काही सुचले नाही. वर्षभर ते डोक्यात राहिले. आजचे हे भाषण म्हणजे त्या रांगेतल्या प्रश्नाचे, जरा लांबलेले उत्तर आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. कोकणात ज्याला गरवणे म्हणतात, म्हणजे गरी टाकून मासे पकडणे, त्यात गळाला खरे आमिष लावतात. गांडूळ, कोलंबी, जे मिळेल ते. लाकडाचा मासा करून खऱ्या माशाला फसवायचे हा प्रकार आम्ही इथे येऊन पाहिला, आणि योगायोग असा की आपले मिशिगन राज्य या धंद्याच्या जन्मस्थानांपैकी एक आहे. नैऋत्य मिशिगनमध्ये डोवाजॅक नावाचे गाव आहे. तिथे जेम्स हेडन नावाचे गृहस्थ मधमाश्या पाळायचे. असे सांगतात की तळ्याकाठी बसल्या बसल्या त्यांनी लाकडाचा तुकडा तासला, सहज पाण्यात भिरकावला, आणि बास माशाने त्यावर झडप घातली. गोष्ट शब्दशः खरी असो वा नसो, पुढे त्यांच्या कुटुंबाचा ल्युअरचा कारखाना डोवाजॅकमध्ये उभा राहिला आणि देशभर गाजला. तिकडे फिनलंडमध्ये लौरी रापाला या कोळ्याने 1936 साली बुचाच्या लाकडाचा मासा कोरला. त्याला चॉकलेटची चंदेरी चांदी गुंडाळली आणि वरून लकाकी यावी म्हणून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा थर दिला. म्हणजे घरात जे सापडेल ते वापरायचे, ही परंपरा आमच्या आधीची आहे. आमच्या श्रीखंडाच्या झाकणाला कोणी हसू नये.

झाकणाकडे येतोच. पण आधी रंगाला एवढे महत्त्व का, ते सांगायला हवे. कारण "माशाला काय कळतंय?" हे आम्ही दर वर्षी ऐकतो.

आम्ही मासेमारीला जातो ते लेक सेंट क्लेअरवर. ह्यूरन आणि ईरी या दोन महासरोवरांच्या मधला हा तलाव, सुमारे 430 चौरस मैलांचा, पण खोली अगदी कमी. 1988 साली याच तलावात झेब्रा मसल नावाचा परका शिंपला सापडला. जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून तो आला आणि बघता बघता सगळीकडे पसरला. त्याने नुकसान पुष्कळ केले, पण हा शिंपला पाणी गाळून खातो, त्यामुळे तलावाचे पाणी पूर्वीपेक्षा खूपच नितळ झाले. नितळ पाण्यात मस्की आणि स्मॉलमाउथ बास हे मासे डोळ्यांनी शिकार करतात. आणि ते खातात काय, तर इतर गोष्टींबरोबर यलो पर्च. म्हणून तिथे लाल-पिवळा भडक मासा सोडण्यापेक्षा पर्चसारखा दिसणारा मासा सोडलेला बरा. गढूळ पाण्यात उलट. तिथे भडकच हवा. हा आमचा अनुभव, आणि याबाबत गॅरेजमध्ये मतभेद आहेत. पण पर्चच्या बाबतीत पाचही जणांचे एकमत आहे.

यलो पर्च दिसायला फार देखणा. पाठ शेवाळी, बाजू सोनेरी पिवळी, पोट पांढरे, खालचे पर नारिंगी, आणि अंगावर सहा ते आठ गडद उभे पट्टे. ते पट्टे पाठीपाशी रुंद असतात आणि पोटाकडे निमुळते होत संपतात. सगळी मेख त्या पट्ट्यांत आहे. सारख्या रुंदीचे काढले तर पर्च नाही, तुरुंगाचे गज दिसतात.

आमचे पहिले बारा मासे 2017 सालचे. त्यांचे पट्टे अण्णांनी ब्रशने, हाताने काढले होते.

अण्णा म्हणजे आमच्यातल्या एकाचे वडील. लहानपण मालवणला, गरी टाकण्यात गेलेले. मग मुंबईत एका इंजिनियरिंग कंपनीत तीस वर्षे ड्राफ्ट्समन. ट्रेसिंग पेपरवर शाईने मशीनची चित्रे काढायची, एक रेघ चुकली की ब्लेडने खरवडायची. निवृत्तीनंतर मुलाकडे आले. पहिल्या हिवाळ्यात खिडकीतून बर्फ बघून कंटाळले आणि आमच्या गॅरेजमध्ये येऊन बसू लागले. ब्रश त्यांच्या हातात आपोआप गेला, आम्ही दिला नाही. त्यांचा एक पट्टा बघून आम्ही बाकीच्यांनी आपले ब्रश धुऊन ठेवले ते कायमचे.

2019 मध्ये त्यांचा हात कापू लागला. आधी चहाच्या कपात दिसले, मग ब्रशमध्ये. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. त्या वर्षी फेब्रुवारीत अण्णा गॅरेजमध्ये आले, एक मासा घेतला, दोन पट्टे काढले, तिसरा वाकडा गेला. त्यांनी मासा खाली ठेवला. "मी आता फक्त चहा प्यायला येणार," म्हणाले. आणि लिलावासाठी तीस मासे कबूल करून आम्ही मोकळे झालो होतो.

मंडळी, स्टेन्सिलचा विचार तिथून सुरू झाला, हे आम्हाला सांगायचे होते. झटपट काम उरकावे म्हणून नव्हे.

आता स्टेन्सिल म्हणजे काही नवी गोष्ट नाही. ट्रंकेवर नाव, पोत्यावर मार्का, सगळे पत्रा कातरून केलेले आपण पाहिले आहे. रांगोळीचे छाप तर प्रत्येक घरात असत. आम्हाला वाटले, प्लॅस्टिकमध्ये सात पट्टे कापायचे, माशावर धरायचे, एअरब्रशने रंग फवारायचा. एका संध्याकाळचे काम.

दोन महिने लागले.

पहिली अडचण भूमितीची. कागद सपाट, मासा गोल. आणि मासा एका दिशेने गोल असता तरी चालले असते, नळीला कागद गुंडाळता येतो. पण तो डोक्याकडून शेपटीकडेही गोल आणि पाठीकडून पोटाकडेही गोल. संत्र्याची साल टेबलावर सपाट बसत नाही, तसेच हे. आम्ही माशाच्या अंगावर मास्किंग टेप चिकटवली, वर पेन्सिलने पट्टे काढले, पाठीच्या आणि पोटाच्या मधल्या रेषेवर टेप कापली आणि सोलून काचेवर पसरवली. तिला सुरकुत्या पडल्या. मग शेपटीकडे दोन-तीन चिरा द्याव्या लागल्या. ब्लाउज शिवणाऱ्या आमच्या घरच्यांनी हे बघितले आणि म्हणाल्या, "टक्स घालताय होय? आधी विचारायचं ना!" खरे आहे, आधी विचारायला हवे होते.

दुसरी अडचण सामानाची. जाड कागद तीन माशांनंतर रंगाने भिजून लोळागोळा झाला. ऑफिसात पूर्वी प्रोजेक्टरला वापरायच्या त्या पारदर्शक शीट एकाच्या तळघरात सापडल्या. त्या छान धारदार कापल्या जातात, पण वाकवल्या की कोपऱ्यांत चिरतात. आणि मग एके दिवशी इंडियन ग्रोसरीतून आणलेला श्रीखंडाचा डबा संपला. त्याचे झाकण पातळ, लवचीक, आणि मुख्य म्हणजे त्या प्लॅस्टिकला पाण्यातला रंग धरत नाही. ओल्या फडक्याने पुसले की साफ. स्टेन्सिलच्या कडेला रंगाचा थर साचू लागला की पट्ट्याची रेघ जाडी-भरडी होते, म्हणून दर दोन-तीन माशांनंतर ते पुसावेच लागते. त्यासाठी या झाकणाइतके गुणी प्लॅस्टिक आम्हाला फुकटात दुसरे मिळाले नाही. त्या वसंतात आम्ही किती श्रीखंड खाल्ले ते डॉक्टरांना सांगितलेले नाही.

तिसरी अडचण म्हणजे पट्टे काढायचे कोणी? कापायला आम्ही होतो. पण पट्ट्याचा आकार, तो निमुळतेपणा, मधला एखादा तुटक पट्टा, हे अण्णांच्या हातातले. आम्ही काढले ते गजच झाले. अण्णा बघायचे, मान हलवायचे, बोलायचे नाहीत.

आणि एका रविवारी त्यांनी स्वतःच तोड काढली. म्हणाले, "अकरा बाय सतराचा कागद आणा. मासा तिप्पट काढतो." पाच इंची मासा पंधरा इंचांचा काढला. जाड पेन्सिल, मनगट टेबलाला टेकलेले, सावकाश. रेघ थरथरली, थरथरणारच. पण ते चित्र कॉपी मशीनवर 33 टक्के लहान केले तेव्हा मासा पाच इंचांचा झाला आणि थरथरही तिसऱ्या हिश्शावर आली. मोठ्या कागदावर तीन मिलिमीटर हललेली रेघ छोट्या कागदावर एक मिलिमीटर. उरलेली आम्ही चाकूने कापताना मधला मार्ग धरून सारखी करतो. ड्रॉइंग ऑफिसात हे सगळ्यांना ठाऊक असायचे, असे ते सहज म्हणाले. आम्हाला नव्हते.

तेव्हापासून टेबलावरच्या प्रत्येक पर्चचा प्रत्येक पट्टा अण्णांनी काढलेला आहे. आम्ही फक्त लहान करतो आणि कापतो.

आता ज्यांना स्वतः करून बघायचे आहे त्यांच्यासाठी थोडे कामाचे. बाकीच्यांनी बासुंदीकडे लक्ष द्यावे.

लाकूड आम्ही बासवुड घेतो. मऊ, रेषा नसलेले, कोरायला सोपे. कोरून, घासून, सगळी भोके पाडून झाली की लाकडात पाणी शिरू नये म्हणून पातळ इपॉक्सीत बुडवतो. हे आम्ही ठेच लागल्यावर शिकलो. पहिल्या लिलावातला एक मासा घेणाऱ्यांनी तो शोकेसमध्ये न ठेवता खरोखर पाण्यात टाकला. आठवड्याने फोन आला, "तुमचा मासा सोलून निघाला हो!" हुकच्या भोकांच्या आत आम्ही काही लावलेच नव्हते. तिथून पाणी शिरले, लाकूड फुगले आणि रंगाची साल सुटली. त्यांना दुसरा मासा दिला. ते आजही इथे बसले आहेत आणि हसत आहेत.

मग पांढरा प्रायमर, वर मोतिया, मग बाजूंना सोनेरी पिवळा. फिकट रंगाकडून गडदाकडे जायचे. खवल्यांसाठी जाळी. अंघोळीचा जाळीचा गोळा डॉलर स्टोअरमध्ये मिळतो, तो सोडवला की हातभर लांब जाळी निघते. ती माशाला ताणून गुंडाळायची, पोटाखाली चिमटे लावायचे आणि वरून शेवाळी रंग फवारायचा. रंग भोकांतून जातो, धाग्याखाली खालचा सोनेरी राहतो. म्हणजे गडद खवले आणि मध्ये उजळ रेषा. उलट हवे असेल, चमकदार खवले आणि भोवती काळसर रेषा, तर खाली गडद रंग देऊन जाळीवरून उजळ रंग मारायचा. आम्ही पहिले सहा मासे उलटे केले आणि मग तासभर भांडलो की चूक कोणाची.

बरं का, जाळी म्हणजेसुद्धा स्टेन्सिलच. आणि ही युक्ती साधारण शंभर वर्षांपूर्वीची आहे. शेजारच्या इंडियानामधल्या गॅरेट गावी क्रीक चब नावाची कंपनी होती. जाळीतून रंग मारून खवले काढण्यात तिचे मोठे नाव होते. 1932 साली जॉर्जियात जॉर्ज पेरी या शेतकऱ्याने 22 पौंड 4 औंसांचा लार्जमाउथ बास पकडला, तो क्रीक चबच्याच ल्युअरवर. तो विक्रम अजून कोणी स्पष्टपणे मोडलेला नाही. 2009 मध्ये जपानच्या बिवा तलावात बरोबरी झाली, एवढेच.

जाळी काढली की पट्ट्यांचे स्टेन्सिल. ते जागेवर बसवायला डोळ्याचे भोक खुणेला धरा, म्हणजे दोन्ही बाजूंचे पट्टे समोरासमोर येतात. एअरब्रश काटकोनात धरा, हवेचा दाब कमी ठेवा, वीसच्या आसपास पौंड, आणि रंग एकदम ओतू नका. तिरका मारला किंवा जास्त मारला की रंग कडेखाली पाझरतो आणि पट्ट्याला मिशा फुटतात. एक हलका हात, हेअर ड्रायर, पुन्हा हलका हात. आणि खऱ्या पर्चच्या पट्ट्यांच्या कडा इतक्या धारदार नसतात. म्हणून स्टेन्सिलच्या आतल्या बाजूला आम्ही फेल्टचे बारीक ठिपके चिकटवले. त्याने ते अंगापासून दोन मिलिमीटर वर राहते आणि कड मऊ येते. ही सूचनाही अण्णांची. रंगाच्या वासाबद्दल इतकेच, की तोंडाला चांगला मास्क लावा. साधा रुमाल बांधून भागत नाही.

शेवटचा सुधार 2022 सालचा. सपाट स्टेन्सिल एका हाताने धरावे लागते, आणि अण्णांना तेच जमत नव्हते. धरलेले स्टेन्सिल हातासोबत हलायचे. म्हणून आम्ही माशाच्याच आकाराचे कवच केले. एक कोरा लाकडी मासा उभा चिरून दोन अर्धुके केली, एक डावे, एक उजवे. प्लायवुडची खोकी करून वरच्या फळीला बारीक भोके पाडली आणि बाजूने दुकानात मिळतो तो मोठा व्हॅक्यूम क्लीनर जोडला. अर्धुक खोक्यावर पालथे ठेवायचे, जुन्या टोस्टर ओव्हनमध्ये प्लॅस्टिकची पातळ शीट ती लोंबू लागेपर्यंत तापवायची, झटकन अर्धुकावर टाकायची आणि व्हॅक्यूम सुरू करायचा. शीट माशाला ओल्या धोतरासारखी बिलगते. थंड झाल्यावर त्यावर अण्णांचे पट्टे उतरवून कापायचे. हे कवच माशावर टोपीसारखे बसते, दोन चिमट्यांनी टिकते, धरावे लागत नाही. मात्र सपाट स्टेन्सिल उलटे करून दुसऱ्या बाजूला चालते, तसे हे चालत नाही. डाव्याचे डावे, उजव्याचे उजवे. त्यावर आम्ही मोठ्या अक्षरांत 'डा' आणि 'उ' लिहिले आहे, तरी चुकतो.

एअरब्रश आता स्टँडला घट्ट बसवलेला असतो. अण्णा खुर्चीत बसतात, मनगट वाळूच्या पिशवीवर, आणि मासा काठीला लावून एअरब्रशसमोरून हळूहळू नेतात. हात कापतो. मासा हलतो. पण कवचही माशासोबतच हलते, त्यामुळे रंग जिथे भोक आहे तिथेच पडतो. पहिल्यांदा कवच काढले आणि खाली सात पट्टे दिसले, तेव्हा त्यांनी मासा दिव्याखाली धरून बराच वेळ फिरवला. मग म्हणाले, "चौथा जरा बुटका झालाय. चित्रातच चूक आहे, मी दुरुस्त करून देतो." चहा प्यायला येणे त्यांनी त्या दिवसापासून बंद केले. म्हणजे चहा घेतातच, पण कामाला येतात.

तर रांगेत भेटलेल्या त्या देणगीदारांना आमचे उत्तर हे आहे. हो, आम्ही छाप वापरतो. टेबलावर अठ्ठेचाळीस मासे आहेत आणि एकाही माशावर कोणी मोकळ्या हाताने पट्टा काढलेला नाही. दुकानातल्या माशाशी तुलना करायची तर त्याचा रंग आमच्यापेक्षा एकसारखा असतो, हेही कबूल. पैसे किती द्यायचे ते तुम्ही ठरवा. आम्ही फक्त पट्टे कोणाचे आहेत ते सांगितले.

अठ्ठेचाळीस म्हणालो, पण यादीत एकोणपन्नास लिहिले आहेत. शेवटचा मासा वेगळा ठेवला आहे. गेल्या महिन्यात अण्णांनी तो आम्हाला न विचारता ब्रशने रंगवला. पट्टे वाकडे आहेत, एक तर मध्येच संपला आहे. लिलावात ठेवावा की नाही यावर आमचे एकमत झाले नाही. त्यांना विचारले, तर म्हणाले, "पर्च काय सगळे सरळ असतात? ठेवा." त्याला आम्ही किमान किंमत लावलेली नाही.

घेणाऱ्यांना दोन विनंत्या. मासा पाण्यात नेणार असाल तर सतरा वर्षे आणि त्यावरच्या प्रत्येकाला मिशिगनचे लायसन्स लागते, आणि ते दर वर्षी 31 मार्चला संपते. विसरू नका. आणि कशाने तोंड मारले, मस्की की बास की नुसते शेवाळ, ते आम्हाला कळवा. अण्णा वहीत प्रत्येक माशाच्या क्रमांकापुढे लिहून ठेवतात. 2017 पासूनच्या बऱ्याच रांगा अजून कोऱ्या आहेत.

क्रमांक माशाच्या पोटावर आहे. तोही स्टेन्सिलने काढलेला आहे. लिलाव दहा मिनिटांत सुरू होईल, तोवर चहा मागच्या दाराशी मांडला आहे.